गंज निघतो, माप परत येत नाही

बाळा,

चिपळूणजवळ खेर्डीत गाळा घेतलास, जुनं का होईना साडेचार फुटी लेथ मशीन आणलंस, आणि पहिला फोन आत्याला केलास. बरं वाटलं. पण फोनवर आवाज असा होता की मला वाटलं घरात कुणी आजारी आहे. काय झालं, तर आठ दिवसांत बेड लाल झाला! लेका, तांबेरा गव्हावर पडतो तसा लोखंडावरही पडतो. वेळेवर बघितला तर पीक हातचं जात नाही.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात एकतीस वर्षं मी टूल स्टोअरच्या खिडकीत बसले. सकाळी ड्रिल, टॅप, रीमर, मायक्रोमीटर खिडकीतून बाहेर जायचे, संध्याकाळी परत यायचे. कुणी काय पुसून आणतो आणि कुणी तसंच ठेवून पळतो, हे मला माणसाचं तोंड न बघता नुसत्या हत्यारावरून कळायचं. त्या खिडकीत जे शिकले ते खाली लिहितेय. एकदम सगळं जमवायला जाऊ नको, पण पहिले पाच मुद्दे आजपासूनच सुरू कर.

१. मशीन बंद झाल्यावर दहा मिनिटं गाळ्यातच थांब. पुसून, तेल लावून मगच कुलूप घाल — गंज चढतो रात्री, पण त्याला दार संध्याकाळी उघडं मिळतं.

२. आधी ब्रशनं चिप्स काढ, मग कोरडं फडकं फिरव, मग तेलाचं. हा क्रम मोडू नको — चिप्सवरूनच तेल फिरवलंस तर ते तेल राहत नाही, बेड घासायची पेस्ट होते.

३. टेलस्टॉक रोज संध्याकाळी हातभर सरकवून त्याच्या खालची जागा पूस, आणि ड्रिल मशीनवरचा वाइस आठवड्यातून एकदा उचलून बघ — कूलंटचं पाणी तिथे दडून बसतं, आणि महिन्याभरानं वाइस हलवलास की खाली त्याच्याच आकाराचा लाल चौकोन सापडतो.

४. कॉम्प्रेसरच्या हवेनं मशीन साफ करू नको, आणि त्याच्या टाकीच्या तळाचा नळ रोज सोडत जा — टाकीत जमलेलं पाणी हवेबरोबर बाहेर येतं, आणि बारीक कीस जिथे जायला नको तिथे घुसतो.

५. बेडला ६८ नंबरचं स्लाइडवे ऑइल लाव, शिलाई मशीनचं नको — पातळ तेल रात्रभरात ओघळून जातं, हे चिकटून राहतं. मालकानं झोपावं, तेलानं जागावं.

६. गॅरेजवाल्याकडचं जळकं इंजिन ऑइल फुकट मिळतं म्हणून आणू नको — त्यात काजळी असते, आम्ल उतरलेलं असतं, आणि हाताच्या कातडीलाही ते वाईट.

७. खोबरेल डोक्याला, करडई फोडणीला, जवस लाकडाला, लोखंडाला मात्र खनिज तेल — जवस आणि करडई हवेत वाळून गोंदासारखी चिकट होतात, खोबरेल खवट झालं की त्यात आम्ल सुटतं. जवसाच्या तेलाची फडकी तर बोळा करून कधीच टाकू नको. ती आतून आपोआप तापून पेट घेऊ शकतात.

८. डब्ल्यूडी-फोर्टी पाणी हुसकवायला आणि अडकलेला नट सोडवायला वापर, पण त्यानंतर तेलाचा हात दिल्याशिवाय काम संपलं समजू नको — त्याचा थर फार पातळ असतो, पावसाळाभर टिकत नाही.

आता हातांचं सांगते. हा भाग सावकाश वाच, कारण इथे चुकलेलं महाग पडतं.

स्टोअरमध्ये आले त्या पहिल्याच वर्षी स्लिप गेजचा नवा संच आला होता. आरशासारखे लखलखीत ठोकळे. मी कौतुकानं एकेक उचलून पाहिला आणि तसाच पेटीत ठेवला. शनिवारची गोष्ट. सोमवारी पेटी उघडली तर दोन ठोकळ्यांवर माझ्या बोटांचे ठसे, रेषान्‌ रेषा मोजता येईल इतके स्पष्ट, तपकिरी. पुसले, पण गेले नाहीत. वरिष्ठ मला रागावले नाहीत. म्हणाले, "गंज निघेल हो, पण माप परत यायचं नाही." ते दोन ठोकळे पुढे कधीच मोजमापाला वापरले नाहीत. घामात मीठ असतं, मीठ हवेतलं पाणी ओढून धरतं, आणि बोट लागलं तिथंच गंजाला जागा मिळते. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगत आले, तुलाही सांगते: हाताचं मीठ जेवणात गोड, मापात कडू.

९. मायक्रोमीटर, व्हर्नियर, गुण्या वापरून झाला की लिंट न सुटणाऱ्या मऊ कापडानं पूस आणि पातळ तेलाचा एक हात दे — रोज संध्याकाळी, एकदाच वापरला असला तरी.

१०. मायक्रोमीटर पेटीत ठेवताना तोंडं एकमेकांना टेकवून ठेवू नको, मध्ये बारीक फट राहू दे — टेकलेल्या दोन पृष्ठांमध्ये ओल अडकते, आणि उन्हाळ्यात धातू फुगला की ताणही बसतो.

११. ज्याच्या हाताला जास्त घाम येतो त्याला टोचून बोलू नको, सुती हातमोजे दे — घाम हा काही त्याचा दोष नाही. फिरत्या मशीनजवळ मात्र मोजे काढायला सांग.

१२. जेवून आल्यावर साबणानं हात धुतल्याशिवाय मापाच्या वस्तूला हात लावायचा नाही, हा नियम स्वतःपासून सुरू कर — लोणच्यात मीठ आणि आंबट दोन्ही असतं, लोखंडाला दोन्ही चालत नाहीत.

तू म्हणालास, "आत्या, पाऊस नाही, पाणी नाही, मग गंजलं कसं?" रात्री गार पाण्यानं भरलेला तांब्या बाहेरून घाम सोडतो की नाही, तसंच आहे ते. पौषात चिपळुणात पहाटे धुकं असतं, दव पडतं. तुझ्या लेथचं एवढं जड धूड रात्रभर थंड होतं. सकाळी नऊला तू दोन्ही शटर उघडतोस, बाहेरची ऊबदार दमट हवा आत येते, आणि थंड बेडवर डोळ्यांना न दिसणारा घाम सुटतो. लोखंडाला गंजायला पाऊस लागत नाही. हवेतला दमटपणा साठ-सत्तर टक्क्यांच्या वर गेला की त्याचं काम सुरू. कोल्हापुरातल्या सवयींवर तिथे भागणार नाही. चिपळुणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. भिंत ओली दिसत नसली तरी ओली असते.

१३. थंडीत सकाळी शटर सताड उघडू नको, आधी एकच थोडं उघड आणि पंखा लाव — लोखंड आणि हवा सारख्या तापमानाला आले की घाम सुटत नाही.

१४. मशीनवर ताडपत्री किंवा प्लॅस्टिक टाकू नको, तेलाचा हात दिलेलं जाड सुती कापड टाक — प्लॅस्टिकखाली दमट हवा कोंडते आणि रात्री तीच पाणी होऊन लोखंडावर उतरते.

१५. हत्यारांच्या कपाटात पंधरा वॉटचा जुना तापणारा बल्ब पावसाळाभर चालू ठेव, कागद आणि फडक्यांपासून दूर — आतली हवा बाहेरच्यापेक्षा थोडी गरम राहिली की पुरे. एलईडी इथे उपयोगाचा नाही, तो उजेड देतो, ऊब देत नाही.

१६. सिलिका जेलच्या पुड्या पेटीत ठेव, पण पेटी घट्ट बंद होणारी हवी — उघड्या पेटीत ती सगळ्या चिपळूणची हवा सुकवायला निघते. निळी गोळी गुलाबी झाली की ती भिजली. मंद आचेवर गरम केली की पुन्हा निळी होते. तव्यावर टाकशील तर तो तवा स्वयंपाकाला परत नेऊ नको.

१७. नवीन टॅप-ड्रिलबरोबर येणारा तपकिरी, मेणचट गंजरोधक कागद जपून ठेव — त्यातून सुटणारी वाफ धातूवर बसून त्याला राखते. पुठ्ठ्याची डबी मात्र फेकून दे, ती ओल धरते.

१८. काहीही थेट सिमेंटच्या फरशीवर ठेवू नको, खाली लाकडी फळी घाल — जमिनीची ओल वर येते. फळी वाळलेली सागवानी असू दे, कच्चं लाकूड आंबट वाफ सोडतं.

१९. गाळ्यात चहाचा स्टोव्ह नको, बाहेर पडवीत ठेव — गॅस जळतो तेव्हा त्यातूनही पाण्याची वाफ निघते, उकळत्या चहाची वेगळी.

२०. कानशी एकावर एक टाकू नको, आणि खडू लावून घासल्यावर तारेच्या ब्रशनं खडू काढून ठेव — खडू ओल धरतो, आणि कानशीच्या दातात शिरलेला गंज दातच खातो.

आता घरचे शत्रू. हे तू स्वतःच्या हातानं गाळ्यात आणतोस, म्हणून जास्त काळजी वाटते. आमच्या स्टोअरमध्ये झाळकामाच्या अॅसिडची बाटली मी एकदा ड्रिलच्या कपाटाखालच्या खणात ठेवली होती. बूच घट्ट होतं. दीड महिन्यानं कपाटातली झाडून सगळी ड्रिलं लाल, अगदी तेल लावलेलीही. बाटली उपडी झाली नव्हती, गळली नव्हती, नुसत्या वाफेनं काम केलं होतं. दोनशे ड्रिलं मी आणि अजून एक बाई बसून चार दिवस साफ करत होतो.

२१. अॅसिड, मग ते झाळकामाचं असो की संडास धुण्याचं, गाळ्याच्या भिंतींच्या आत नको — बूच कितीही घट्ट असलं तरी वाफ वाट काढते.

२२. विहिरीत टाकायची टीसीएल पावडर तुमच्याकडे घरोघरी असते, ती गाळ्यात साठवू नको — तिच्यातून क्लोरीन सुटतो, आणि लोखंडाला त्याच्याइतका वैरी नाही. खताची पोतीही तशीच लांब ठेव.

२३. इन्व्हर्टरची बॅटरी मापाच्या कपाटाजवळ ठेवू नको — चार्ज होताना तिच्यातून आम्लाचे बारीक तुषार उडतात.

२४. कूलंट करताना पाण्यात तेल ओत, तेलात पाणी नको. साधारण वीसास एक ठेव आणि अंदाजानं घालू नको — पातळ झालं की ते थंडावा देतं, पण गंजही देतं. तुझ्या बेडचं दुखणं निम्मं इथलं असणार.

२५. सोमवारी टाकीजवळ आंबूस वास आला तर अत्तर शोधू नको, टाकी रिकामी करून धू आणि नवं कूलंट भर — त्यात जिवाणू वाढलेत, आणि ते आंबट झालंय.

आता झालेल्या गंजाचं. इथे पोरं घाई करतात. एमरी पेपर घेतला आणि चमक येईपर्यंत घासलं, झालं. त्या चमकेबरोबर काय गेलं ते त्यांना पुढच्या जॉबला कळतं. म्हणून आधी वस्तू तीन ढिगात वेगळ्या कर: मापाच्या, धारेच्या आणि बाकीच्या. तिघांचं औषध एक नाही.

२६. मापाच्या वस्तूंना, सरफेस प्लेट, व्ही-ब्लॉक, मायक्रोमीटरचं तोंड, गुण्याची कड, एमरी पेपर कधीच लावू नको — तेल लाव, रात्रभर मुरू दे, सकाळी कापडानं पूस. राहिलाच उंचवटा तर बारीक ऑइल स्टोन तेलासकट अलगद फिरव. काळा डाग राहिला तर राहू दे. डागाला खोली असते, उंची नसते. तो मापात येत नाही.

२७. लेथच्या बेडवर आधी तेल, मग ब्लेडचं पातं अगदी आडवं धरून गंज सोलल्यासारखा काढ, शेवटी सगळ्यात बारीक स्टील वूल तेलात बुडवून फिरव — पातं फुगलेला गंज उचलतं, बेड उचलत नाही. हे तुझं पहिलं काम, या रविवारी.

२८. काळा गंज आणि लाल गंज यांत फरक कर — लाल भुसभुशीत असतो, ओल धरतो, पुढे पसरतो; काळा घट्ट बसतो आणि खालच्या लोखंडाला थोडं राखतो. काळ्याच्या मागे लागू नको.

२९. पाने, क्लॅम्प, हातोडीची डोकी, ऐरण यांना लिंबूसताचं पाणी चालतं: लिटरला पन्नास ग्रॅम, दर तासाला बघ, एका रात्रीहून जास्त ठेवू नको — गंज संपला की आम्ल लोखंडच खायला लागतं. स्प्रिंग आणि कडक केलेले बोल्ट त्यात टाकू नको. आम्लातला हायड्रोजन त्यांच्यात शिरतो आणि ते ठिसूळ होऊन अचानक तुटतात.

३०. बाहेर काढल्यावर खायच्या सोड्याच्या पाण्यात बुडव, मग कढत पाण्यानं धू, पूस आणि गरम असतानाच तेल लाव — नुकतं साफ केलेलं लोखंड उघडं असतं, चहा पिऊन येईपर्यंत पुन्हा पिवळं पडतं.

३१. घाई नसेल तर कोल्हापूरचं औषध कर: साखर कारखान्याची मळी एक भाग, पाणी नऊ भाग, झाकणाच्या पिंपात आठ-पंधरा दिवस — ती गंज विरघळवते, पण चांगल्या लोखंडाला फारसा हात लावत नाही. अॅल्युमिनियम आणि जस्ताच्या वस्तू मात्र त्यात टाकू नको. पिंप परसात, लांब ठेव. वास आणि माश्या दोन्ही भरपूर. काकवी आणू नको, ती भाकरीबरोबर खा.

३२. फार खोल गंजलेल्या मोठ्या वस्तूला विजेचा इलाज आहे: प्लॅस्टिकच्या बादलीत धुण्याच्या सोड्याचं पाणी, बारा व्होल्टचा चार्जर, वजा टोक हत्याराला, अधिक टोक जुन्या लोखंडी सळईला — गंज सुटतो, धातू जात नाही. सळई स्टेनलेसची नको, त्यातून विषारी क्रोमियम उतरतं. मीठ टाकू नको, क्लोरीन सुटेल. आणि हे उघड्यावर कर, जवळ बिडी-काडी नको, कारण हायड्रोजन निघतो. पाण्यात हात घालण्याआधी स्विच बंद.

३३. ऐरण, क्लॅम्प, वाइसचं अंग यांवरचा सुटा गंज ब्रशनं काढून हिरड्याचा काढा दोनदा लाव आणि वाळू दे — हिरड्यातलं टॅनिन गंजाशी जुळून निळसर काळं होतं, पूर्वी शाई याच गुणानं होत असे. वर तेल लावलंस की झालं. मापाच्या जागी मात्र नको.

३४. धारेच्या वस्तू, टॅप, रीमर, मिलिंग कटर, यांना तारेचा ब्रश लावू नको. रॉकेल मिळालं तर रॉकेलात, नाही तर डिझेलमध्ये भिजवून पितळी ब्रशनं साफ कर — पितळ पोलादाहून मऊ असतं, धार मारत नाही. पेट्रोल या कामाला कधीच नको.

एक अवघड विषय आहे, पण तो न सांगता मला झोप लागणार नाही. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं ते तू टीव्हीवर पाहिलंस. २००५ सालीही असंच झालं होतं. आमच्याकडे २०१९ च्या ऑगस्टात पंचगंगा चढली तेव्हा नात्यातल्या एकाचं वर्कशॉप चिखलातून काढायला मी गेले होते, म्हणून यातलं थोडं हातानं शिकलेय.

३५. मापाची कपाटं, मोटारी, चकची पेटी जूनआधीच जमिनीवरून छातीच्या वर न्यायची व्यवस्था कर — पाणी येतं तेव्हा उचलायला माणसं मिळत नाहीत.

३६. पाणी ओसरलं की वाळू देऊ नको, आधी स्वच्छ पाण्यानं चिखल धुऊन काढ — वाळलेला गाळ ओल आणि क्षार दोन्ही धरून बसतो.

३७. जे आज साफ होणार नाही ते धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात पूर्ण बुडवून ठेव — अर्धवट ओलं हवेत ठेवण्यापेक्षा त्या पाण्यात लोखंड जास्त सुरक्षित असतं. आम्ही न बुडवलेले टॅप दुसऱ्या दिवशी भंगारात गेले, बुडवलेले चार दिवसांनी साफ केले तरी वाचले.

३८. मोटार वाइंडरकडे वाळवून तपासल्याशिवाय स्विच दाबू नको, आणि गिअर बॉक्सचं तेल पूर्ण उतरवून नवं भरल्याशिवाय स्पिंडल हातानंही फिरवू नको — चिखल आत असताना फिरवलेला एक फेरा बेअरिंगला वर्षाइतका पडतो.

आणि शेवटचं. उद्याच्या एसटीच्या पार्सलनं एक छोटी लाकडी पेटी पाठवतेय. तुझ्या आजोबांचा सहा इंची गुण्या आहे त्यात, आणि तीन कानशी. गुण्याच्या आतल्या कोपऱ्यात एक काळा ठिपका दिसेल. तो तुझ्या बाबांनी सातवीत असताना भिजल्या हातानं उचलला तेव्हाचा. आजोबांनी तो कधी घासला नाही, मीही नाही. गुण्या अजून अचूक काटकोन दाखवतो.

३९. पेटी संध्याकाळी पोचेल. लगेच उघडू नको, रात्रभर गाळ्यात तशीच बंद राहू दे — घाटावरच्या गारठ्यातून आलेलं लोखंड तुझ्या दमट हवेत एकदम उघडं पडलं तर त्याला घाम सुटेल.

४०. सकाळी हात धुऊन, कोरडे करून उघड, गुण्या कडांना धरून उचल, आणि आतला खाकी कागद फेकू नको — तो तेलात मुरलेला आहे, आजोबांनी घातलेल्या घड्यांवरच परत मिटतो.